टाकीची भिंत आणि तिच्याखालचा फुटपाथ

३ ऑगस्ट, रविवार

पुढच्या वर्षीच्या बजेटसाठी महापालिकेने नागरिकांकडून कामं मागवली आहेत. आमच्या सोसायटीने एकच काम सुचवायचं. दोन सुचवली की दोन्ही बाजूला पडतात, असा सबनीसांचा अनुभव. सबनीस आमचे चेअरमन. अनुभव त्यांना सगळ्याचाच आहे.

नोटीस वाचली आणि जिन्यातच थांबले. भाजीची पिशवी हातात, तशीच उभी. पाण्याच्या टाकीची भिंत! गल्लीच्या तोंडापासून थेट कालव्यापर्यंत जाणारी, माझ्या गॅलरीच्या बरोबर समोरची. शेवाळ, क्लासेसच्या जाहिराती, 'येथे कचरा टाकू नये' आणि त्याखाली कचरा. तिच्यावर एक मोठं चित्र. चांगलं, खऱ्या चित्रकाराकडून काढून घेतलेलं. महापालिकेच्या पैशाने, म्हणजे आपल्याच.

संध्याकाळी फिरताना शैलाला सांगितलं. मी म्हटलं, "चित्र." ती म्हणाली, "फुटपाथ." मग दोघी हसलो. पण ती माझा दंड धरून चालत होती हे खरं. थंडीत त्याच भिंतीखालच्या फुटपाथवर पडली, मनगट मोडलं, तेव्हापासून एकटी कुठे जात नाही. माझ्या घराच्या बरोबर खाली राहते, तरी मी बेल वाजवल्याशिवाय ती चप्पल घालत नाही.

एकच काम. अवघड आहे. पण काय मजा येणार आहे!

५ ऑगस्ट, मंगळवार

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तीन मुली भाड्याने राहतात. त्यातली मुक्ता चित्रकार. यवतमाळची. ॲनिमेशनच्या कॉलेजात शिकवते. सकाळी तिला जिन्यात गाठलं. संध्याकाळी ती कच्चं चित्र घेऊन हजर.

मला वाटलं होतं मोर असेल, नाहीतर किल्ला. पाहिलं तर आम्हीच! सकाळी फिरणाऱ्या बायका. साडी, पायात स्पोर्ट्‌स शूज, कानटोपी, हातात दुधाची पिशवी, एकीच्या हातात वाटेत तोडलेली जास्वंदीची फुलं. एकामागून एक, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कालव्याकडे निघालेल्या.

"काकू, मी रोज खिडकीतून पाहून राहिली ना तुम्हाला. साडीवर असे बूट माझ्या गावात कोणी घालत नाही."

"हसतेस का आम्हाला?"

"हसत नाही हो. भारी वाटते."

भिंतीजवळून चालताना त्या बायका आपल्याबरोबर चालतील. एवढंच म्हणाली. मी चहात साखर घालायची विसरले. तिनेही तसाच प्यायला.

६ ऑगस्ट, बुधवार

रात्रभर शाळा आठवत होती. कॅम्पातली आमची कॉन्व्हेंट. सिस्टर अग्नेसने आम्हा सातवीच्या मुलींना जेवणाच्या खोलीची भिंत रंगवायला दिली होती. माझ्या वाट्याला गाय आली. मी पेठेतल्या घरातून सायकलवर येणारी मुलगी, गाय रोज पाहायचे, तरी चारही पाय एकाच बाजूला निघाले. सिस्टर म्हणाल्या, "शी इज वॉकिंग साइडवेज, नलिनी. लेट हर." मग ती गाय वर्षानुवर्षं तशीच तिरकी चालत राहिली. तिच्यासमोर बसून किती पिढ्यांनी डबे खाल्ले.

मध्यंतरी गेले होते तेव्हा भिंत पांढरी. स्वच्छ दिसते, असं नव्या सिस्टर म्हणाल्या. खरंच स्वच्छ दिसत होती.

८ ऑगस्ट, शुक्रवार

व्हॉट्सॲपवर युद्ध. सबनीसांनी साधं विचारलं होतं, "सूचना कळवाव्यात." सकाळपासून फोन ओट्यावर थरथरतोय. दोनच पक्ष उरले आहेत, चित्र आणि फुटपाथ. ओपन जिमवाले दुपारपर्यंत थकले.

सी इमारतीतले दामले फॉर्मात आहेत. "चित्र अवश्य काढावे. खड्ड्यात पडल्यावर बघायला काहीतरी हवेच." त्याला हसणारे बावीस चेहरे.

कोणीतरी लिहिलं, कॉलेजची मुलं फुकट रंगवून देतात, पैसे कशाला? कोणीतरी, रंगाच्या कंपनीला गाठा. कोणीतरी, कला ही हौस आहे, हौसेला करदात्याचा पैसा नको. मी लिहिलं, मग उद्यानातल्या कारंज्याला कोणाचा पैसा लागला? लगेच उत्तर: कारंजं बंदच आहे, ताई.

खरं सांगायचं तर इतक्या उत्साहात मी कित्येक दिवसांत नव्हते. भात लागला.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी भात केला. शैलाला डबा दिला. "केशर जास्त झालं," म्हणाली, म्हणजे आवडला. चित्र, फुटपाथ, दोघींनीही विषय काढला नाही. काढायला हवा होता.

१० ऑगस्ट, रविवार

चुकलं. घाईत ग्रुपवर लिहिलं, "फुटपाथ काय, आज केला तरी पुढच्या वर्षी केबल टाकायला पुन्हा खणतील. चित्र तरी टिकेल." लोकांनी अंगठे दिले. मी खूश.

मग शैलाचा मेसेज. "ज्यांचे हात शाबूत आहेत त्यांनी जरूर चित्रे काढावीत."

त्यावर एकही अंगठा नाही. दामलेसुद्धा गप्प.

संध्याकाळी बेल वाजवली. आतून आवाज, "आज नको गं, पाय दुखतोय." पाय नव्हे, मनगट मोडलं होतं तिचं. एकटी कालव्यापर्यंत जाऊन आले. वाटेत चार वेळा कोणाला तरी काही दाखवायला वळले.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळीच खाली गेले. तिने दार उघडलं आणि चहाचं आधण वाढवलं. एवढ्यावरून कळलं.

सोसायटीची सभा रविवारी ठरली आहे. सबनीसांनी दोन्ही बाजूंचा एकेक वक्ता नेमलाय: चित्रासाठी मी, फुटपाथसाठी शैला. म्हणजे आम्ही दोघी सगळ्यांसमोर भांडणार. मला ते नको होतं. आणि मग चहा पिताना सुचलं.

शाळेत शुक्रवारी शेवटच्या तासाला सिस्टर अग्नेस वादविवाद घ्यायच्या. शहर बरं की खेडं, पाऊस बरा की ऊन. मुली तावातावाने बोलायला लागल्या की सिस्टर टेबलावरची घंटा वाजवायच्या. घंटा वाजली की बाजू बदलायची. जी शहर म्हणत होती तिने खेडं म्हणायचं, त्याच तावाने. पहिल्यांदा मी रडले होते. नंतर मला तेच आवडायला लागलं.

शैलाला म्हटलं, "बदलूया? तू चित्रावर बोल, मी फुटपाथवर."

"तुझ्या सिस्टरला आपलं कर्वेनगर माहीत होतं का?"

"शैला, ऐक तर."

"आमच्या शाळेत बाजू बदलली की त्याला गद्दार म्हणायचे." ती पेठेतल्या मराठी शाळेची. मग कप ठेवला. "सबनीसांना सांगायचं नाही पण. त्यांचं तोंड बघायचंय मला."

मनापासून हसली. कित्येक दिवसांनी.

अट एकच: खोटं बोलायचं नाही. दुसरीची बाजू आपली समजून तयारी करायची.

१३ ऑगस्ट, बुधवार

तयारी म्हणून शैलाला बरोबर घेऊन फुटपाथ पाहिला. म्हणजे तिने दाखवला. रोज चालते त्यावरून, पण मी भिंतीकडे बघते. ती खाली बघते.

"ही फरशी डुगडुगते. पाऊस पडला की खालून पिचकारी मारते, साडी गेली म्हणून समज. इथे चेंबरचं झाकण वर आलंय. इथे झाडाचं मूळ. इथून पुढे फुटपाथ नाहीच, दुचाकी लावतात, रस्त्यावर उतरायचं आणि मागून हॉर्न. आणि ही," एका काळ्या भोकाकडे बोट, "ही माझी जागा."

आणि मग तिथेच, अगदी सहज, "अभिजित मला बाणेरला चल म्हणतोय. म्हणजे तोच नेतो म्हणतोय."

अभिजित तिचा मुलगा. त्याच्याच टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा झालाय.

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? इथे तरी मी काय करते. तू आलीस तर खाली उतरते, नाहीतर गॅलरीत बसते. गॅलरी तिकडेही आहे."

परत येताना तिने माझा दंड धरला होता की मी तिचा, सांगता येणार नाही.

घरी येऊन भाषण लिहायला बसले. एका बैठकीत झालं. असं कधी होत नाही.

फुटपाथ झालाच पाहिजे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

शैला दुपारभर मुक्ताकडे. तिसरा मजला, स्वतः जिना चढून गेली! वरून हसण्याचे आवाज. मला बोलावलं नाही. "तू विरोधी पक्ष," म्हणे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन, बुंदीचे लाडू. सबनीस म्हणाले, "नलिनीताई, रविवारी जरा सांभाळून. शैलाताई तयारीने येतायत असं ऐकतो." म्हटलं, "हो का?" हसू दाबताना जीव गेला. शैला झेंड्याकडे बघत उभी, खांदे हलत होते.

१७ ऑगस्ट, रविवार

काय दिवस! सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

बी इमारतीचं पार्किंग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शिट्टी मारणारा माइक. कधी नव्हे ती माणसं. मुक्ता मागे खांबाला टेकून उभी; भाडेकरूंना मत नाही, पण बघायला कोणी अडवत नाही. सबनीस म्हणाले, "चित्राच्या बाजूने नलिनीताई." मी उठले आणि फुटपाथवर बोलायला लागले.

दोन मिनिटं कोणालाच कळेना. मग दामले, "ताई, कागद बदलला का?"

म्हटलं, "नाही दामले, कागद बरोबर आहे. ऐका."

आणि बोलले. म्हटलं, आपल्या गल्लीतल्या बायका बघा. साठीपुढची प्रत्येक बाई मान खाली घालून चालते. लाजून नव्हे. फरशी बघत. एवढं सुंदर चित्र काढाल, ते बघणार कोण? मान वर करायला आधी पायाखाली सपाट लागतं. आणि जिचा एकदा पाय मुरगळला ती दुसऱ्यांदा पडायच्या आधी घरात बसते. मग आपण म्हणतो, हल्ली त्या दिसत नाहीत. त्या कुठे जातात? गॅलरीत.

शैलाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

टाळ्या बऱ्या पडल्या. पण खरी गंमत पुढे. शैला उठली. माइक नकोच म्हणाली, तिला लागतच नाही.

"फुटपाथ हा आपला हक्क आहे," म्हणाली. "तो महापालिकेने न मागता द्यायचा असतो. नाही दिला तर त्यांच्या दारात जाऊन बसायचं. मी येते, माझं मनगट पुरावा म्हणून घेऊन येते. पण आता त्यांनी होऊन विचारलंय, काय हवं? आणि आपण काय मागतो? जे आधीच आपलं आहे ते! अहो, आयुष्यात एकदा कोणीतरी विचारलं, तर जे एरवी कधीच मिळणार नाही ते मागा की."

कोणीतरी ओरडलं, "फुकट होतंय ते फुकट करा!"

"का? फरशीवाल्याला विचारता का, हौस म्हणून बसवतोस का? वायरमनला म्हणता का, तुझं नाव होईल, पैसे कशाला? या मुलीने महिनाभर उन्हात उभं राहायचं आणि आपण तिला वडापाव द्यायचा? मला लाज वाटते."

मागे मुक्ता खाली बघत होती.

"आणि मी गेले सात-आठ महिने घरात का बसले, सांगू? खड्ड्यामुळे, असं मीच सांगत होते. पण खरं म्हणजे बाहेर माझं काही उरलंच नव्हतं. क्लासेसच्या जाहिराती बघायला कोण जीव धोक्यात घालेल? या मुलीने मला ते चित्र दाखवलं. मी खाली उतरेन त्यासाठी. खड्ड्यातून उतरेन."

अशा टाळ्या की बाहेर दुचाकीवाला थांबला.

मतदान. हात वर. आणि इथे आमच्या सोसायटीने कमाल केली. फुटपाथवाले सगळे शैलाचे. ती जे म्हणेल त्याला हात वर करायचा ठरवून आलेले. चित्रवाले माझे. म्हणजे फुटपाथवाल्यांनी चित्राला मत दिलं आणि चित्रवाल्यांनी फुटपाथला! काहींना मध्येच लक्षात आलं, त्यांनी हात खाली घेतले, काहींनी दोन्ही वेळा वर केले. सबनीसांनी पुन्हा मोजले. मग सबनीसबाईंनी मोजले.

समसमान.

चेअरमनचं मत निर्णायक. सबनीस घामाघूम. "मी बँकेत असतानासुद्धा असं कधी..." असं काहीसं पुटपुटले आणि मग, "तुम्ही दोघींनी हा घोळ घातलाय, तुम्ही दोघींनीच निस्तरा. पुढच्या सोमवारपर्यंत मुदत आहे. दोघी मिळून जे सांगाल तेच मी पाठवतो. सभा संपली. चहा घ्या."

सिस्टर अग्नेस, कुठे असाल तिथे घंटा वाजवा.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी खाली गेले, मोठ्या मनाने. म्हटलं, "शैला, संपलं. फुटपाथच पाठवू."

"अजिबात नाही. चित्र."

"अगं, मी तुझं ऐकतेय!"

"मीही तुझंच ऐकतेय."

"ते भाषण होतं."

"तुझं असेल. अट काय होती? खोटं बोलायचं नाही."

पोहे करत होती. डाव्या हातात झारा. अजून उजवा वापरत नाही. मी तो झारा बघत राहिले आणि माझं आणखी ठरलं.

२० ऑगस्ट, बुधवार

भांडण. पहिल्यापेक्षा मोठं, पण वेगळ्या जातीचं. कालव्याच्या कठड्याशी उभं राहून.

मी: तू बाणेरला गेलीस तर मी चित्र कोणाबरोबर बघू?

ती: चित्र झालं तर मी जाते कशाला?

मी: आणि पुन्हा पडलीस तर? अभिजित उचलून नेईल, विचारणारही नाही.

ती: खड्डे मला पाठ आहेत.

मी: पाठ असून पडलीस.

मग ती थांबली, इकडेतिकडे बघितलं. "नलू, कोणाला सांगू नकोस. त्या दिवशी मी खाली बघत नव्हते. फोन बघत होते. नातवाचा फोटो आला होता, दात पडलेला."

इतके हसलो की कुत्रं फिरवणारा माणूस वळून बघायला लागला. मी म्हटलं, ही माहिती चित्राच्या बाजूने जाते की फुटपाथच्या? ती म्हणाली, मोबाइलच्या विरोधात.

पण सुटलं काहीच नाही. मला हवा आहे तो फुटपाथ तिच्यासाठी. तिला हवं आहे ते चित्र... ती म्हणते स्वतःसाठी. पण परवा मुक्ता बोलून गेली, "शैलाकाकू म्हणत होत्या, नलूने आयुष्यभर दुसऱ्याच्याच भिंती बघितल्या." म्हणजे बघा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दामल्यांचा तोडगा ग्रुपवर: "चित्र फुटपाथवर काढावे. खड्डे आपोआप थ्री-डी दिसतील."

सबनीसांचा फोन. "ताई, घाई नाही. पण घाई करा."

२४ ऑगस्ट, रविवार

अभिजित आला होता. चांगला मुलगा आहे, आईसाठी मोसंबी आणि माझ्यासाठीही. शैलाकडेच बसलो. फोनवर फ्लॅटचे फोटो दाखवत होता. लिफ्ट, कठडे, जॉगिंग ट्रॅक. "रबराचा आहे गं आई. पडलीस तरी लागणार नाही."

"छान आहे," शैला म्हणाली. खरंच छान होता.

"मग बघायला कधी येतेस? पुढच्या आठवड्यात?"

"सध्या मला वेळ नाही."

"वेळ नाही? काय चाललंय असं?"

"बजेट."

अभिजित माझ्याकडे बघायला लागला. मी मोसंब्यांकडे.

जाताना जिन्यात त्याने मला गाठलं. "मावशी, खरं सांगा. फुटपाथ झाला तर ती एकटी फिरेल?"

"फिरेल."

"आणि ते चित्र झालं तर?"

"तर तुला तिला न्यायला जड जाईल."

तो रेलिंगला हात लावून उभा राहिला. त्याला रात्री फोन वाजला की काय वाटत असेल, ते मला कळतं. माझी मुलगी केतकी मेलबर्नहून तेच विचारते, फक्त आवाज लहान ठेवून.

"म्हणजे मी कशाच्या बाजूने असायला हवं?"

म्हटलं, "बाबा रे, आम्हालाच माहीत नाही."

२५ ऑगस्ट, सोमवार

आज शेवटचा दिवस. सबनीस महापालिकेच्या कार्यालयात संध्याकाळी स्वतः जाणार आहेत, त्यांचा ऑनलाइनवर विश्वास नाही.

सकाळी शैलाची बेल वाजवली तर ती चप्पल घालून तयार. खाली उतरलो आणि गल्लीत गर्दी. मुक्ताने खडू घेऊन भिंतीवर बायकांच्या नुसत्या आकृत्या काढल्या होत्या, पुऱ्या उंचीच्या. "परवानगीबिरवानगी नाही घेतली काकू. साइज पाहून राहिली फक्त. पाऊस आला की जाते पुसून."

नुसत्या पांढऱ्या रेघा. तरी ओळखू येत होत्या! ती कानटोपी सकाळी फिरणाऱ्या जोशीबाईंची. तो दंड धरलेला जोड आम्ही. शाळेची मुलं त्यांच्या शेजारी उभी राहून उंची मोजत होती. रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली. जोशीबाई स्वतःसमोर उभ्या राहून पदर सारखा करत होत्या. शैलाने माझा दंड सोडला आणि भिंतीशी गेली. एकटी. रेघेला हात लावून बघितला, बोटाला खडू लागला तो बघत राहिली.

मी मनात म्हटलं, संपलं, हरले मी. चित्र.

तेवढ्यात दामले आले. हात मागे बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहणी. "ही चौथी बाई नलिनीताई दिसते. पोक हुबेहूब आहे." मग, "एवढं मोठं चित्र जवळून नाही कळायचं. लांबून बघायला पाहिजे," असं म्हणून भिंतीकडे तोंड ठेवून एक पाऊल मागे. आणखी एक. आणखी एक, आणि गुडघ्यापर्यंत आत.

लागलं नाही, देवाची कृपा. चप्पल गेली. आम्ही दोघी दोन बाजूंनी धावलो.

शैला म्हणाली, "दामले, आता सांगा. चित्र की फुटपाथ?"

दामल्यांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे. "आधी मला वर काढा. मग मुलाखत घ्या."

वर काढलं. पाय झटकला. पण मत काही दिलं नाही. एका चपलेवर तसेच उभे राहून पुन्हा भिंतीकडेच बघायला लागले.

शैला आणि मी एकमेकींकडे बघितलं. मी "चित्र" म्हणणार होते. तिच्या तोंडावर स्पष्ट "फुटपाथ" होतं. आणि दोघीही दामल्यांची चप्पल शोधायला वाकलो.

चार वाजत आले. ढग भरून आलेत; गॅलरीतून बायका अजून दिसतायत. सबनीसांनी चहाला बोलावलंय, तिथेच सांगायचं आणि ते तसेच निघणार. साडी बदलली. चष्मा सापडला. शैला खालच्या दारातून हाका मारतेय, "नलू, उशीर झाला, मी उतरते पुढे," आणि खरंच उतरतेय, पावलं ऐकू येतायत, एकटीची. तिने आज काय ठरवलंय ते विचारलेलं नाही. मी काय ठरवलंय ते तिने विचारलं तर सबनीसांच्या दारापर्यंत मला तोंड बंद ठेवता...

जाते.